‘हिणवणे’ कुठून आले? तुच्छतेच्या शब्दाचा अर्थ आणि मूळ शोधण्याची रीत

माणसाला कमी ठरवण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हिणवणे, तुच्छ लेखणे, पाणउतारा करणे, अवहेलना, हेटाळणी, तिरस्कार, खिल्ली उडवणे. लिहिताना हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी ठेवले जातात आणि मूळ सांगायची वेळ आली की कुठलीतरी ऐकीव गोष्ट पुढे केली जाते. दोन्ही चुका टाळता येतात. व्युत्पत्ती खरी ठरायची तर दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: शब्दातल्या प्रत्येक अक्षराचा हिशेब लागला पाहिजे, आणि अर्थाच्या प्रत्येक वळणाला भाषेतच पुरावा सापडला पाहिजे. इथे ‘हिणवणे’ हा एक शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासला आहे. त्याचे भाऊबंद गरजेप्रमाणे मध्ये येतील.

आधी आजचा अर्थ पक्का करा

मूळ माहीत झाले की आजचा अर्थही त्याच नजरेने दिसू लागतो आणि तपास वाकडा जातो. म्हणून कोश उघडण्यापूर्वी शब्द वाक्यात घालून पाहायचा. पाच-सहा वाक्ये लिहा आणि त्याच जागी दुसरा जवळचा शब्द ठेवा. जिथे वाक्य अडखळते तिथे अर्थाची सीमा असते.

‘शत्रूला कमी लेखू नये.’ इथे ‘हिणवू नये’ घातले तर सल्लाच बदलतो. कमी लेखणे ही अंदाजातली चूक असू शकते; मनात तिरस्कार नसतानाही ती होते आणि तोंडातून शब्द न काढताही होते. हिणवण्याला मात्र शब्द लागतात, आणि बहुतेक वेळा एक शिक्काही लागतो: ‘खेडवळ म्हणून हिणवले’, ‘ढ म्हणून हिणवले’. हा ‘म्हणून’ फार महत्त्वाचा आहे. ‘अमुक म्हणून पाणउतारा केला’ असे आपण म्हणत नाही, कारण पाणउताऱ्यात शिक्का नसतो, प्रसंग असतो. तो चारचौघांत होतो, एकदा होतो, आणि ज्याला काही मान आहे त्याचाच होतो. हिणवणे वर्षानुवर्षे चालू शकते, म्हणून ‘हिणवत असत’ हे रूप कानाला सहज वाटते.

विभक्तीही टिपून ठेवा. माणसाला हिणवतात, माणसाचा पाणउतारा करतात, माणसाची अवहेलना होते. अवहेलना तर एक शब्द न बोलता होते. म्हाताऱ्या आईबापांना कुणी जेवलात का विचारले नाही, एवढ्यानेही. हे फरक शब्दकोशात एका ओळीत मिळत नाहीत. ते वाक्यांतूनच काढावे लागतात.

शब्दाचे तुकडे पाडा

‘हिणवणे’मधला ‘णे’ हा क्रियापदाचा प्रत्यय काढला की ‘हिणव’ उरतो. त्यातला ‘अव’ ओळखीचा आहे: रंग–रंगवणे, लांब–लांबवणे. नामाला किंवा विशेषणाला ‘अव’ जोडून ‘तसे करणे’ या अर्थाचे क्रियापद तयार होते. तो बाजूला केला की हातात राहतो ‘हीण’. म्हणजे हिणवणे याचा रचनेने होणारा अर्थ ‘हीण करणे, हीण ठरवणे’.

पण मग दीर्घ ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ कसा झाला? मराठीत शब्दाचे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ इकार किंवा उकाराचे असेल आणि शब्द पुढे वाढला, तर ते ऱ्हस्व होते: मीठ–मिठाचा, पीठ–पिठाला, तूप–तुपात. हीण–हिणकस, हीण–हिणवणे ही त्याच रांगेतली जोडी. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द ही सवय पाळत नाहीत: गीत–गीताचा, हीन–हीनतेने. त्यामुळे ‘हीनता’ आणि ‘हिणकस’ हे शब्द शेजारी ठेवले की एक संस्कृतातून थेट उचललेला आणि दुसरा लोकांच्या तोंडी घासून तयार झालेला, हे नुसत्या लेखनावरून कळते.

तुकडे पाडताना तुच्छतेचे प्रत्यय वेगळे ओळखा. कारकून–कारकुंडा, मास्तर–मास्तरडा, कवी–कवडा, पोर–पोरटे. या शब्दांत मूळ नाम निर्दोष आहे. सगळा डंख शेपटीत आहे. अशा शब्दाचे मूळ शोधताना नामाचा इतिहास आणि प्रत्ययाचा इतिहास वेगवेगळा मांडावा लागतो. लिंगबदलाकडेही लक्ष असू द्या, कारण ‘तो पोरगा’चे ‘ते पोरटं’ झाले की नपुंसकलिंगही हिणवण्याचे काम करते. ही गोष्ट मराठीपुरती नाही. पाणिनीने ‘कुत्सिते’ (५.३.७४) हे सूत्र देऊन निंदेसाठी प्रत्यय लावण्याची सोय नोंदवली आहे, ‘अश्वक’ म्हणजे वाईट घोडा.

कोश कोणत्या क्रमाने उघडावेत

पहिला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची, दुसरीच वापरा. शब्दाच्या अर्थछटा आणि बोलण्यातले प्रयोग त्यात बारकाईने दिले आहेत, आणि संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी अशा मूळ भाषांच्या खुणाही आहेत. दुसरा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दाते–कर्वे यांचा, सात विभाग, १९३२ ते १९३८, आणि १९५०ची पुरवणी. याचे खरे मोल जुन्या ग्रंथांतल्या अवतरणांत आहे. चौकटी कंसात व्युत्पत्तीही असते. त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति-कोश’ (१९४६). प्राकृत आणि शेजारच्या भाषांतली भावंडे हवी असतील तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६२–६६). तो संस्कृत मूळशब्दांनी लावला आहे, म्हणून आधी त्याच्या १९६९च्या सूचीखंडात मराठी शब्द शोधून क्रमांक घ्यायचा आणि मग मुख्य खंडात जायचे. यादवकालीन मराठीसाठी तुळपुळे–फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). शब्द फारसी वाटला तर माधव ज्यूलियन यांचा ‘फार्शी–मराठी कोश’ (१९२५). यांतले मोल्सवर्थ, दाते–कर्वे, टर्नर आणि तुळपुळे–फेल्डहाउस हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात संगणकावर शोधता येतात.

शोध फसण्याची कारणे बहुधा लेखनातली असतात. जुन्या कोशांत क्रियापद ‘हिणवणें’ असे अनुस्वारासह आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण कोश त्याआधीचे आहेत. तुम्ही आजचे रूप टाइप केले आणि ‘सापडले नाही’ असे उत्तर आले, तर शब्द कोशात नाही असा निष्कर्ष काढू नका. ‘हिण’ एवढीच सुरुवात द्या आणि तिने सुरू होणारे सगळे शब्द मागवा. ‘हिणावणे’सारखी रूपेही त्यात हाती लागतात. दुसरी अडचण विसर्गाची. ‘यःकश्चित’ लिहिताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाइप करतात. डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हे आहेत आणि शोध रिकामा येतो. शेवटी, जमेल तिथे छापील पानाचे चित्र उघडून खात्री करा. टंकित प्रतीत एखादी मात्रा किंवा अनुस्वार सुटलेला असतो आणि नेमकी तीच गोष्ट तुमच्या हिशेबाला लागणारी असते.

ध्वनीचा हिशेब

हीन आणि हीण यांतला ‘न’ व ‘ण’ ही लहान गोष्ट नाही. दोन स्वरांमधला एकटा ‘न’ प्राकृतातून मराठीत येताना ‘ण’ होतो: पानीय–पाणी, जन–जण, मानुष–माणूस, स्नान–न्हाण. म्हणून हीन–हीण ही वाट अगदी सरळ आहे. याउलट जोडाक्षर असेल तर मराठीत ‘न’ येतो: पर्ण–पान, कर्ण–कान. हा नियम पाठ असला की निम्म्या चुकीच्या व्युत्पत्त्या तिथल्या तिथे पडतात.

पाणउतारा घ्या. हा शब्द विड्याच्या पानाशी जोडण्याचा मोह होतो: पान परत घेतले, मान गेला, अशी गोष्ट रचायला सोपी आहे. पण ‘पान’ समासात ‘पान’च राहते: पानसुपारी, पानदान, पानपट्टी. ‘पाण-’ हे रूप पाण्याचे आहे: पाणवठा, पाणलोट, पाणथळ, पाणबुड्या, पाणकोंबडी. म्हणजे उतरते ते पाणी. कोणते पाणी? मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी, ‘पाणीदार डोळे’ मधले पाणी. तेज, झळाळी, आणि त्यावरून माणसाची इभ्रत. हिंदीतही ‘पानी उतारना’ असाच प्रयोग आहे. आणि फारसीतून आलेला ‘अब्रू’ शब्द फोडला की आत पुन्हा पाणीच निघते: आब म्हणजे पाणी किंवा तेज, रू म्हणजे चेहरा. आबरू, चेहऱ्यावरचे पाणी. ‘आब राखून बोल’ असे आपण म्हणतो तेव्हा तेच पाणी सांभाळायला सांगत असतो. पाणउतारा आणि बेअब्रू हे दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द एकाच प्रतिमेवर उभे आहेत, आणि ही जोडी लक्षात ठेवली तर पाणउतारा हा आधी मान असलेल्याचाच का होतो हेही उलगडते.

‘ल’ आणि ‘ळ’ यांचीही अशीच तपासणी करता येते. फल–फळ, काल–काळ, मूल–मूळ. संस्कृत ‘हेला’ म्हणजे अनादर; ‘अवहेलना’मध्ये ‘ल’ टिकला, कारण तो शब्द ग्रंथांतून आला. ‘हेळसांड’मध्ये ‘ळ’ झाला, कारण तो घराघरांतून आला. अवहेलनेत मानहानीचा सूर आहे आणि हेळसांडीत निष्काळजीपणाचा. एकाच मुळाचे दोन रस्ते, दोन अर्थ.

अर्थाची साखळी

आता हीन. संस्कृतात ‘हा’ धातू, जहाति, म्हणजे सोडणे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण हीन: सोडलेला, वंचित. हानी हा शब्द त्याच धातूचा. सुरुवातीला हीन एकटा उभा राहत नाही, त्याला ‘कशाने’ असे विचारावे लागते: बलहीन, धनहीन, मातृहीन. यात निंदा नाही. आई नसलेल्या मुलाला मातृहीन म्हटले तर ते दुःख आहे. पुढे ‘कशाने’ हा भाग गळून पडला. नुसता ‘हीन’ उरला आणि ‘काहीतरी नसलेला’ याचा अर्थ ‘खालचा’ असा झाला. तुच्छतेच्या अनेक शब्दांमागे हीच हालचाल दिसते: एखादी उणीव सांगणारा शब्द माणसाची प्रतवारी सांगू लागतो.

मराठीत ‘हीण’ या नामाने आणखी एक जागा धरली, सोनाराची. सोन्यारुप्यातली हलकी भेसळ म्हणजे हीण, आणि तशी भेसळ असलेले ते हिणकस. बावनकशी सोन्याच्या नेमके उलट. आज आपण ‘हिणकस शेरा’ म्हणतो तेव्हा तो धातूच्या परीक्षेतला शब्द आहे, हे बहुधा आठवत नाही. इथे एक सावधगिरी हवी. हिणवणे हा शब्द सोनाराच्या पेढीतूनच आला असे लिहू नये. भेसळ या अर्थाचे हीण आणि हिणवणे ही दोन्ही हीनचीच लेकरे. एक दुसऱ्याचे मूल ठरवायला वेगळा पुरावा लागेल. शेजारी दिसणारे शब्द आई आणि मूल समजणे ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक आहे.

‘तुच्छ लेखणे’ची साखळी वेगळी आहे. तुच्छ म्हणजे मुळात रिकामे. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात ‘तुच्छ्येनाभ्वपिहितं यदासीत्’ (१०.१२९.३) असे आहे, तिथे तुच्छ्य म्हणजे सृष्टीपूर्वीची पोकळी, कुणाचा अपमान नव्हे. रिकामे, मग पोकळ, मग निरर्थक, मग क्षुल्लक. आणि ‘लेखणे’ म्हणजे हिशेबात धरणे. ‘माझ्या लेखी त्याला किंमत नाही’ मधला ‘लेखी’ तोच. तेव्हा तुच्छ लेखणे म्हणजे माणसासमोर शून्य मांडणे. नगण्य, ‘खिजगणतीत नसणे’ मधली गणती, ‘किंमत न देणे’ हे सगळे याच हिशेबवहीतले.

काही शब्दांत तर वाईट अर्थाचे एकही अक्षर नसते. यःकश्चित म्हणजे फक्त ‘जो कोणी’. ऐरागैरा मधला ‘गैर’ म्हणजे अरबीत ‘दुसरा, परका’. नाव घेण्याइतकाही तो मोठा नाही, हे नाव न घेऊनच सांगितले जाते. तिरस्कारातला ‘तिरस्’ म्हणजे आड, बाजूला; तिरस्करिणी म्हणजे पडदा. एखाद्याला नजरेआड करणे हा त्याचा पहिला अर्थ.

आणि काही शब्द चांगल्या जागेवरून घसरलेले असतात. त्यांच्यासाठी कालक्रम लागतोच. पाखंड पाहा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे पंथ, कोणताही पंथ; आणि आपल्या पासंडाची स्तुती व दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नये, असे त्या लेखात बजावले आहे. नंतर तोच शब्द दुसऱ्याच्या पंथाची निंदा करायला वापरला गेला. अशोकाच्या ‘देवानांप्रिय’ या बिरुदाचेही तेच झाले: पुढच्या व्याकरणग्रंथांत त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदला गेला. उलट ‘क्षुल्लक’ हा ‘क्षुद्र’चाच प्राकृत वळणाचा अवतार, पण जैन परंपरेत क्षुल्लक ही त्यागी साधकाची आदराची पायरी आहे. शब्द कोणाच्या तोंडी आहे, हे पाहिल्याशिवाय अर्थ लिहू नये.

खोटी वाट ओळखण्याच्या खुणा

गोष्ट जितकी रंगतदार, तितका संशय धरा. एखाद्या सरदाराच्या किंवा साहेबाच्या एका प्रसंगातून शब्द जन्मला, असे सांगितले जात असेल तर आधी विचारा: त्या प्रसंगाच्या आधीच्या लेखनात हा शब्द आहे का? असेल तर विषय संपला.

दुसरी कसोटी भावंडांची. ‘पायपोस’ म्हणजे पाय पुसायची वस्तू असे पुष्कळांना वाटते, म्हणून ‘पायपोसाइतकी किंमत’ याचाही चुकीचा अर्थ लावला जातो. पण पलंगपोस शेजारी ठेवा. पलंगपोसाने पलंग पुसत नाहीत, झाकतात. फारसी ‘पोश’ म्हणजे आच्छादन; पापोश म्हणजे पायाचे आच्छादन, जोडा. ‘पुसणे’शी असलेले साम्य कानाने जोडले, शब्दाने नाही.

तिसरी खूण, दोन सारखे दिसणारे संस्कृत शब्द. अपमानातला ‘मान’ हा ‘मन्’ धातूचा, मानणे या अर्थाचा. मोजमाप या अर्थाचा ‘मान’ हा ‘मा’ धातूचा. ‘अपमान म्हणजे चुकीचे माप’ हे वाक्य भाषणात चांगले वाटते, व्युत्पत्ती म्हणून ते चूक आहे.

जातींची आणि व्यंगांची नावे

तुच्छतेच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग जातींच्या, व्यवसायांच्या आणि शारीरिक व्यंगांच्या नावांचा आहे. इथे मूळ शोधणे सोपे असते, लिहिणे अवघड. दिशा स्पष्ट लिहा: आधी ते समूहाचे नाव होते आणि वापरणाऱ्यांनी त्याची शिवी केली, शब्दाच्या अर्थातच हलकेपणा होता असे वाटेल अशी रचना करू नका. उदाहरणवाक्य स्वतः रचू नका, छापील आणि दिनांकित अवतरण द्या, आणि नोंदीच्या सुरुवातीलाच ‘अपमानकारक’ ही खूण ठेवा, शेवटी नको. असे शब्द आज माणसावर फेकले तर कायदाही लागू होतो: अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर जातीवरून हेतूपूर्वक अपमान करणे हा १९८९च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा तसा अपमान २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली.

नोंद कशी लिहावी

आजचा अर्थ वर, मूळ खाली. उलट क्रम ठेवला तर वाचक मुळालाच अर्थ समजतो. ‘हिणवणे’ची नोंद अशी होईल:

हिणवणे. सकर्मक क्रियापद. (कोणाला, ‘अमुक म्हणून’) शब्दांनी खालचे ठरवणे, उणीव दाखवून टोचणे; बहुधा वारंवार. नुसत्या मनातल्या तुच्छतेला ‘कमी लेखणे’, एका प्रसंगातल्या जाहीर मानभंगाला ‘पाणउतारा’. जुने लेखन: हिणवणें. रूप: सं. हीन, प्रा. हीण, म. हीण + अव + णे. ‘ही’ ऱ्हस्व, पिठाला–मिठाला प्रमाणे. सं. हीन मुळात ‘सोडलेला, वंचित’, ‘हा’ (सोडणे) धातूपासून. भावंडे: हीण (सोन्यारुप्यातली भेसळ), हिणकस; ‘हा’ धातूचाच तत्सम शब्द हानी.